माळ्यावर वाचलेले स्कॅनर, पुरात बुडालेले ड्रायव्हर

हे प्रकरण सांगलीतले आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मोजमापे, चुका आणि त्यांचा क्रम मात्र माझ्या वहीत आहे तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

कुपवाड एमआयडीसीत मी सीएनसी मशीनचे सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटरला नेमक्या जागी नेऊन थांबवणारी सर्किटे, दुरुस्त करते. २०२२ च्या दिवाळीनंतर गावभागातले एक मंडपवाले अण्णा जुन्या धोतरात गुंडाळलेले खोके घेऊन दुकानात आले. आत ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात काटकोनात बसवलेले दोन धातूचे दंडगोल होते आणि प्रत्येकाच्या टोकाला नखाएवढा आरसा.

"ताई, हे बाबांचं आहे. परत फिरेल का, तेवढं बघा."

अण्णांचे वडील उमेदीच्या काळात भावे नाट्यमंदिरात पडद्यामागे दिव्यांची कामे करत. नव्वदच्या दशकात त्यांनी मुंबईतल्या एका प्रकाशयोजनेवाल्याकडून वापरलेले लेसर शोचे यंत्र आणले. गणपतीत पडद्यावर हिरव्या रेषेने ओंकार काढायचा, तो हळूच फिरवायचा. गल्लीतली माणसे अजून त्या ओंकाराची आठवण काढतात, असे अण्णा म्हणाले.

हे दंडगोल म्हणजे गॅल्व्हनोमीटर स्कॅनर. सुईच्या मल्टिमीटरमध्ये करंट दिला की सुई वळते, तसा इथे आरसा वळतो. पूर्ण फेरी नाही, काही अंशच. एक आरसा किरण आडवा हलवतो, दुसरा उभा. दोन्ही इतक्या वेगाने हलतात की डोळ्याला बिंदू दिसत नाही, सलग रेष दिसते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत १९७३ च्या नोव्हेंबरात लेसेरियम हा कार्यक्रम सुरू झाला आणि लेसरची चित्रे तिकीट काढून बघायची गोष्ट झाली. अण्णांचे स्कॅनर त्या पहिल्या पिढ्यांच्या जातीचे. आत लोखंडी रोटर, स्थिर कॉइल, आणि आरसा कुठे आहे हे सांगणारा, धारकतेवर (धातूच्या पात्यांमध्ये विद्युतभार साठवायच्या क्षमतेवर) चालणारा सेन्सर. आजचे स्वस्त स्कॅनर वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यात चुंबकच फिरते आणि जागा प्रकाशाच्या सेन्सरने मोजतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अण्णांचे गोदाम छतापर्यंत बुडाले. स्कॅनर वाचले, कारण आरशांना धूळ लागू नये म्हणून वडिलांनी ते घरच्या माळ्यावर ठेवले होते. ड्रायव्हरची पेटी, म्हणजे ज्या अॅम्प्लिफायरवर ते चालत, ती गोदामात होती. जुनी आरगॉन लेसरची नळी तर त्याआधीच गेली होती. थ्री फेज लाइन आणि वाहते पाणी मागणारे ते प्रकरण पुन्हा उभे करायचे नाही, हे दोघांनाही मान्य होते.

अडचण नेमकी कुठे होती

ड्रायव्हरची पेटी उघडली तेव्हा आत वाळलेला गाळ होता. पाट्यांवरचे तांब्याचे मार्ग हिरवे पडून तुटले होते. त्यावर आणखी एक अडथळा म्हणजे मूळ बनवणाऱ्याने आयसींवरचे, म्हणजे चिपांवरचे, नंबर घासून टाकले होते. नक्कल होऊ नये म्हणून अशी पद्धत होती. सर्किटचा कागद नव्हता.

स्कॅनरच्या मागे मात्र सेन्सरची छोटी पाटी तिथेच बसवलेली होती आणि ती कोरडी होती. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठे नशीब हेच. फिरणाऱ्या पात्यामुळे दोन बाजूंच्या धारकतेत पडणारा फरक पिकोफॅरडच्या हिशेबातला, म्हणजे अगदी सूक्ष्म, असतो. तो ओळखणारे सर्किट नव्याने बांधायचे म्हटले असते तर मी काम घेतलेच नसते.

मोजल्यावर कॉइलचा रोध ४.२ ओहम आणि इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा कॉइलचा विरोध, साधारण ५ मिलिहेन्री निघाला. ४ ओहम म्हटल्यावर साउंडच्या माणसाला स्पीकर आठवतो. अण्णांनी माझ्याकडे यायच्या आधी एका साउंडवाल्याकडून डीजेच्या अॅम्प्लिफायरवर स्कॅनर लावून बघितला होता. "आरसा उडी मारतो आन् परत मधी येऊन बसतो," असे त्यांनी सांगितले, आणि निदान त्या एका वाक्यातच होते.

साउंडच्या अॅम्प्लिफायरमध्ये आत शिरताना कपॅसिटर असतो. तो स्थिर व्होल्टेज अडवतो. गाण्याला स्थिर व्होल्टेज लागत नाही. स्कॅनरला लागते, कारण आरसा डावीकडे तीन अंशांवर धरून ठेव म्हटले तर तितका वेळ करंट वाहतच राहिला पाहिजे. दुसरे म्हणजे स्पीकरला आपण व्होल्टेज देतो, पण आरशावर पडणारा जोर करंटवर ठरतो. कॉइल करंटच्या बदलाला विरोध करते. ५ मिलिहेन्रीत पाव मिलिसेकंदात १ अँपियर बदल घडवायचा तर नुसत्या इंडक्टन्सपायी २० व्होल्ट लागतात. रोधाचे वेगळे.

तरीही कबूल करते, पहिले दोन आठवडे मी हे काम ताकदीचे समजत होते. किती वॅट, किती व्होल्ट, हीटसिंक केवढे. आरसा हलवायला लागते त्याहून कितीतरी जास्त अक्कल तो जागेवर थांबवायला लागते, हे पुढे कळले. रोज सर्व्हो दुरुस्त करणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवे होते.

कोणते पर्याय होते

सगळ्यात शहाणपणाचा पर्याय मी पहिल्याच दिवशी सांगितला: नवा चिनी संच घ्या. दोन स्कॅनर, दोन ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, सगळे तेव्हा नऊएक हजारांत येत होते, आणि वेगाने जुन्याच्या दुप्पट. अण्णांनी ऐकून घेतले, चहा संपवला आणि म्हणाले, "नवं आणायचं तर मी हे खोकं घेऊन आलोच नसतो ओ ताई." तो पर्याय तिथेच संपला. तो सांगणे आणि आकड्यांसकट सांगणे माझे काम होते, असे मला अजूनही वाटते.

नव्या संचाचे नुसते ड्रायव्हर जुन्या स्कॅनरला जोडावेत का? याचा मी खरोखर विचार केला. पण ते प्रकाशाच्या सेन्सरचा करंट वाचतात आणि कमी इंडक्टन्सच्या कॉइलसाठी बांधलेले असतात. दोन्हीकडे फेरफार करायचा तर नवे बांधण्याइतकेच काम.

तिसरा मार्ग सेन्सर बाजूला ठेवून स्कॅनर उघड्या लूपमध्ये चालवायचा. म्हणजे करंट द्यायचा आणि आतल्या स्प्रिंगच्या भरवशावर आरसा योग्य कोनात जाईल असे धरायचे. सुरुवातीच्या काळातले किती तरी शो असे चालले. वर्तुळे, फुले, एकमेकांत गुंतणारी वेटोळी असली हळुवार चित्रे त्यावर सुंदर दिसतात. पण अक्षर काढायला घ्या, प्रत्येक कोपऱ्यावर आरसा थरथरतो. अण्णांना ओंकार हवा होता, आणि ओंकाराला टोके आहेत, चंद्रकोर आहे, सुटा बिंदू आहे.

म्हणून चौथा: सेन्सर वापरून बंद लूपचा, म्हणजे आरसा कुठे आहे ते सतत बघून चूक सुधारणारा, ड्रायव्हर नव्याने बांधायचा. मी तीन महिने सांगितले. लागले दहा.

काय केले: पॉवरची बाजू

ड्रायव्हरच्या शेवटच्या टप्प्याला, म्हणजे कॉइलला करंट देणाऱ्या भागाला, एलएम ३८८६ ही चिप निवडली. साउंडची चिप आहे, पण तिच्यात थेट स्थिर व्होल्टेज चालते. कपॅसिटर आपण बाहेरून लावला तरच अडथळा. शिवाय तिच्या आठव्या पायातून उणे सप्लायकडे करंट ओढला नाही तर ती गप्प राहते. त्या पायाचा पुढे फार उपयोग झाला. १८-०-१८ चा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर घेऊन अधिक-उणे २४ व्होल्टच्या आसपास सप्लाय केला. एसएमपीएस, म्हणजे वेगाने चालू-बंद होत चालणारा सप्लाय, मुद्दाम टाळला, कारण त्याचा खरखराट सेन्सरच्या नाजूक सिग्नलमध्ये उतरायची भीती होती. कॉइलच्या परतीच्या वाटेत अर्ध्या ओहमचा ५ वॅटचा रोध टाकला आणि त्यावरचे व्होल्टेज चिपकडे परत नेले. आता चिप व्होल्टेज नव्हे, करंट सांभाळणार.

पहिली पाटी चालू केली आणि सिग्नल नसतानाही चिप तापू लागली. मी सप्लाय तपासला, सोल्डरिंग तपासले, चिप नकली असेल म्हणून दुसरी घातली. या चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत. फरक पडला नाही. दुकानात बसलेला माझा दहावीतला भाचा म्हणाला, "मावशी, ते किंचाळतंय." मला काहीच ऐकू येत नव्हते. वय एक्कावन्न. स्कोप, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र, लावला तर खरेच अकरा किलोहर्ट्झच्या आसपास लाट होती.

कारण असे. चिप स्वतः सिग्नलला उशीर लावते आणि कॉइलही करंटला उशीर लावते. दोन्ही उशीर मिळून परत येणारा सिग्नल उलटा पडतो, आणि थांबवायला ठेवलेला लगाम स्वतःच चाबूक होतो. उपाय जुनाच आहे. कॉइलला समांतर एक रोध-कपॅसिटरची जोडी लावली, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला चिपच्या आउटपुटवरूनच थेट परतीची दुसरी वाट दिली, म्हणजे तिथे कॉइलचा उशीर मध्ये येत नाही. ती वाट देतानाही या चिपचा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ती वेगळ्या कारणाने नाचते. चार संध्याकाळी गेल्या, पण किंचाळणे थांबले.

इथला निर्णय मी बरोबर घेतला असे मला वाटते. ही सगळी झटापट खऱ्या स्कॅनरवर न करता तेवढ्याच इंडक्टन्सची कॉइल गुंडाळून तिच्यावर केली. मेन्सला १०० वॅटचा सिरीज दिवा होता, म्हणजे बिघाड झाला तरी करंट मर्यादेत राहतो. दोन चिपा गेल्या, स्कॅनरला धक्काही लागला नाही.

काय केले: लूप बंद करताना झालेली चूक

आणि मग नेमकी घाई केली.

सर्व्होचा गाभा टीएल ०७४ या चिपवर होता; तिच्यात चार ऑपॲम्प, म्हणजे सिग्नलची बेरीज-वजाबाकी करणारी सर्किटे, असतात. हवी ती जागा वजा असलेली जागा, हा एक हिशेब. जागेच्या सिग्नलवरून काढलेला वेग, हा दुसरा. पहिला आरशाला ओढतो, दुसरा ब्रेक लावतो. दोन्हींची बेरीज करंट अॅम्प्लिफायरला. कागदावर सोपे.

सेन्सरची दिशा मी आदल्या आठवड्यात मोजून ठेवली होती. मध्ये केबल नवी केली, आणि दोन तारा अदलाबदल झाल्या. पुन्हा मोजले नाही. लूप बंद केला त्या क्षणी आरसा एका टोकाला जाऊन आपटला. जागा चुकली म्हणून सर्व्होने आणखी जोर लावला, तोही चुकीच्या दिशेने, म्हणून चूक वाढली, म्हणून आणखी जोर. मी स्विचपर्यंत पोचेपर्यंत आरसा दांड्यावरून सुटून बाकावर पडला होता.

तो फुटला नाही. आरसा पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेला होता. बोट लागले असते तरी वाया गेला असता, पण तो पालथा न पडता उताणा पडला. मी अर्धा तास काही हात लावला नाही. मग अण्णांना फोन करून जे झाले ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते. "बाबांच्या हातनं पण एकदा पडलाय तो," एवढेच बोलले. मिरजेतल्या एका घड्याळदुरुस्तीवाल्याने भिंगाखाली जुना गोंद खरवडून आरसा इपॉक्सीने पुन्हा बसवून दिला. थेंब जास्त झाला तर आरशाचे वजन एका बाजूला जाते, हे त्याला मला सांगावेही लागले नाही.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या, ज्या पहिल्यापासून असायला हव्या होत्या. करंटवर मर्यादा घातली, चाचणीत अर्धा अँपियर, नंतर दोन. आणि चिपचा तो आठवा पाय कामाला लावला: सेन्सरचा सप्लाय स्थिर होईपर्यंत आणि जागेचा सिग्नल मर्यादेत असल्याची खात्री होईपर्यंत अॅम्प्लिफायर गप्पच राहणार. आरसा टोकाकडे गेला की पुन्हा गप्प.

जुळवणी

लहान चौकोनी लहर द्यायची, अंशभराची. आधी ब्रेक वाढवायचा, मग ओढ. ओढ जास्त झाली की आरसा जागेपुढे जाऊन थरथरतो, ब्रेक जास्त झाला की रेंगाळतो. हे काम मला येते, तरी एका अक्षाला दोन दिवस लागले.

दोन्ही अक्ष जोडून वर्तुळ काढले तर पडद्यावर तिरका लंबगोल आला. दुसरा आरसा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण पहिल्याने पसरवलेला किरण त्याला झेलायचा असतो. मोठा म्हणून जड, जड म्हणून हळू. दोघांच्या उशिरात फरक पडला की वर्तुळ तिरके चेपते. माझा पहिला विचार मोठ्याला पळवायचा होता. तो पळत नव्हता, तापत होता. शेवटी लहानालाच हळू केले. वर्तुळ गोल झाले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी भाच्याला झोपेतून उठवून ते दाखवले.

मग जून आला. आदल्या दिवशी मधोमध असलेले चित्र दुसऱ्या दिवशी वीतभर डावीकडे. धारकतेच्या सेन्सरवर हवेतल्या ओलीचा आणि तापमानाचा परिणाम होतो. काही जुन्या स्कॅनरमध्ये याचसाठी आत हीटर बसवलेला असे. आमच्यात नव्हता. मी सेन्सरची पाटी स्पिरिटने धुऊन वाळवली, वर लाखेचा पातळ हात दिला, आणि शोच्या आधी पाऊण तास यंत्र चालू ठेवायचा नियम केला. सरकणे बोटभरावर आले. पूर्ण गेले नाही.

मिरवणुकीला नकार

जुलैत अण्णांनी विचारले, विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर लावू या का? मी नाही म्हणाले, आणि हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा निर्णय होता. मिरवणुकीतल्या लेसरने डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आपल्या भागात झाल्या आहेत. हलता किरण प्रत्येक जागी क्षणभरच असतो. स्कॅनर अडकला तर तीच सगळी ताकद एका बिंदूवर थांबते, आणि त्या बिंदूवर कुणाच्या तरी पोराचा डोळा असू शकतो. सरकणाऱ्या सेन्सरचे आणि घरी बांधलेल्या ड्रायव्हरचे यंत्र माणसांच्या दिशेने रोखायचेच नाही.

बंदिस्त सभागृहात, पडद्यावर, किरणाचा सगळा मार्ग डोक्यांच्या वरून किमान ३ मीटर उंच, एवढ्यावर तयार झाले. लेसर ५० मिलिवॅटचा हिरवा. तोही थ्री-बी वर्गातला, म्हणजे डोळ्यात सरळ गेला तर इजा करणाराच. म्हणून दोन्ही अक्षांच्या वेगाचे सिग्नल एका छोट्या सर्किटला दिले: दोन्हींपैकी एक जरी आरसा ठरावीक वेगाच्या खाली गेला की लेसर बंद. ते सर्किट चालते का हे बघायला मी शोच्या दिवशी मुद्दाम स्कॅनरची केबल तीनदा उपटली. तिन्ही वेळा पडदा काळा झाला.

परिणाम

सप्टेंबर २०२३ च्या गणेशोत्सवात पाच रात्री यंत्र चालले. इल्डा या लेसर शोवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे एक चाचणी-चित्र असते. त्यातले वर्तुळ मधल्या चौकोनाला आतून नेमके टेकले तर तो वेग स्कॅनरला झेपला असे समजतात. सेकंदाला १२ हजार बिंदूंवर, किरणाचा कोन ८ अंश ठेवून, आमचे वर्तुळ चौकोनात लहान पडत होते. ९ हजारांवर टेकले. नव्या स्वस्त संचाचा वेग २० हजार सांगतात. ओंकाराला ९ हजार पुरले. बारीक लेखन घातले की चित्र लुकलुकायचे, म्हणून मंडळाचे नाव काढून टाकले आणि देणगीदारांची यादी फलकावर लिहिली.

सुट्या भागांचा खर्च साडेसात हजार झाला, गेलेल्या चिपा धरून. माझे तास धरले तर हिशेब करू नये. तिसऱ्या रात्री एका बाजूचा ड्रायव्हर गप्प झाला. पंखा अडकला होता, चिपच्या आतल्या संरक्षणाने काम केले. लेसर आपोआप बंद झाला, दहा मिनिटांत पुन्हा सुरू.

पुन्हा करायचे झाले तर

केबलला हात लागला की दिशा पुन्हा मोजेन, मग ती सकाळीच मोजलेली का असेना. करंटची मर्यादा पहिल्या पाटीवरच असेल. चिप आधी, मर्यादा नंतर, या क्रमाने आरसा पडला.

सप्लाय अधिक-उणे ३० व्होल्टपर्यंत नेऊन बघायला हवे होते. वरची गती कदाचित व्होल्टेजपायी अडली असेल. उलट, मोठ्या आरशाची कॉइल आधीच तापत होती, त्यामुळे तो फायदा टिकला असता का, हे बांधून बघितल्याशिवाय ठरणार नाही. पुढच्या हिवाळ्यात एक पाटी तशी करणार आहे.

वेग काढायची माझी पद्धतही कच्ची होती. जागेच्या सिग्नलवरूनच वेग काढला की सेन्सरचा खरखराटही वाढून येतो. संथ हालचालीला जागेवरून आणि झपाट्याच्या हालचालीला कॉइलच्या करंटवरून वेगाचा अंदाज घ्यायचा, ही चांगल्या ड्रायव्हरमधली रीत आहे. मला माहीत होती. दोन ऑपॲम्प वाचवायला टाळली, आणि त्याची किंमत जुळवणीच्या चार दिवसांत दिली.

अण्णांना मुदत सांगताना मी माझ्या रोजच्या कामाच्या मापाने सांगितली. त्या कामात सर्किटचा कागद असतो. इथे नव्हता. कागद नाही तिथे मुदत तिप्पट सांगावी.

सर्किटचे आता तीन कागद आहेत. एक माझ्या वहीत, एक लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. तिसरा अण्णांनी मागून घेतला. गोदामाच्या भिंतीवर पुराची रेघ छताला टेकलेली आहे, म्हणून ड्रायव्हरची पेटी आता गोदामात नसते. ती घरी माळ्यावर असते, स्कॅनरच्या खोक्याशेजारी, आणि तो कागद त्याच जुन्या धोतरात.